एक मग पाणी

७ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

एकेचाळीस! आत्या, एकेचाळीस आले!

काल अठ्ठावीस दिवस भरले. म्हणजे ठोकळ्यांचे, माझे नव्हे. सकाळी टाकीतून सहा ठोकळे काढले, पुसले आणि एकेक करून मशीनखाली ठेवले. आमचे मशीनकाका गेली तीस वर्षं या प्रयोगशाळेत काँक्रीट फोडतायत आणि आजवर त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं ऐकिवात नाही. काट्याने पस्तीसचा आकडा ओलांडला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. चाळीस झाले तेव्हा म्हणाले, "मशीन बिघडलंय." सहावा ठोकळाही तिथेच फुटला तेव्हा म्हणाले, "नाही बिघडलेलं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच समज.

तुला मागे सांगितलं होतं, सिमेंट तयार करताना भट्टीतून इतका धूर निघतो की सगळ्या जगाने विमानं बंद केली तरी तेवढा वाचायचा नाही. म्हणून मी निम्मं सिमेंट काढून त्या जागी भाजलेली माती आणि चुनखडीची पूड घातली. पुलाला पस्तीसची ताकद लागते, मला एकेचाळीसची मिळाली.

हो, पूल! वसतिगृह आणि ग्रंथालय यांच्यामधल्या ओढ्यावर जुना पादचारी पूल आहे. त्याचे गर्डर ठणठणीत आहेत, पण वरचे पत्रे गंजून चाळण झालेत. सरांनी विद्यापीठाला पटवलंय, त्यावर माझ्या काँक्रीटच्या चार लाद्या बसवायच्या. पण त्याआधी हे मिश्रण प्रयोगशाळेबाहेर कुठेतरी करून बघायला हवं. माझ्या ओळखीत काँक्रीटचा कारखाना असलेली बाई एकच. तयार पुडीची दहा पोती पाठवली आहेत. सोबत चार पानी सूचना आहेत, त्या नीट वाच.

तुझी,
भोवरा

१९ जानेवारी

चि. भोवरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पोती मिळाली. पोत्यांच्या आधी तुझे सहा फोन मिळाले. फोन करू नकोस गं. पेव्हर ब्लॉकच्या धंद्यात तीस वर्षं साचे हलवणाऱ्या त्या थरथरत्या टेबलाशेजारी उभी राहून माझे कान कामातून गेलेत. तू "एकेचाळीस" म्हणालीस आणि मला "शेवाळलीस" ऐकू आलं. मी इकडे आंघोळीला पळाले. पत्रच बरं. त्यात तू ओरडत नाहीस आणि मला "काय? काय?" करावं लागत नाही.

लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून मीच तुझं नाव भोवरा ठेवलं. ती मुलगी एका ठोकळ्यासमोर अठ्ठावीस दिवस थांबते, याचंच मला जास्त कौतुक.

पोती उघडल्यावर आमच्या मुकादमांनी चिमूटभर पूड घेतली, बोटांत चोळली आणि विचारलं, "बाई, हे गालाला लावायचं की साच्यात घालायचं?" सव्वीस वर्षं आहेत माझ्याकडे, त्यांना बोलायचा हक्क आहे. मी म्हटलं, साच्यात. ते म्हणाले, मातीच घालायची होती तर एवढी वर्षं आपण सिमेंट कशाला आणलं?

पण करू. तुझी चार पानं वाचली. पुढल्या आठवड्यात मिक्सरला घाणी लावतो. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यासमोरची वाट उखडलीय, पहिले पेव्हर तिथेच बसवीन. भाचीच्या हातचं आहे म्हणून सांगेन सगळ्यांना.

तुझी,
आत्या

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

महिना होत आला आणि तुझ्याकडून अक्षर नाही. सर रोज विचारतात, "तुझ्या बाहेरच्या चाचणीचं काय झालं?" मी रोज म्हणते, "कारखाना मोठा आहे, कामं असतात." तुझ्या पत्र्याच्या शेडला मी मोठा कारखाना करून टाकलंय, तेव्हा आता लाज राख.

दोन ओळी लिही. पेव्हर कसे झाले? कडा नीट आल्या का? बसवलेस का?

तुझी,
भोवरा

२४ फेब्रुवारी

चि. भोवरा हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला खरा. गुडघा धरला होता, शिवाय एका शाळेच्या मैदानाची मोठी ऑर्डर आली. आवारात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे बघावं तिकडे पेव्हरच्या थप्प्या. त्यात खडी फोडणाऱ्याने जाड खडी पाठवली, त्याच्याशी तास तास भांडले. तो म्हणतो बारीकच आहे. मी म्हटलं, तुझ्या ताटात वाढते, खाऊन दाखव.

तुझे पेव्हर झकास झालेत. दवाखान्यासमोर बसवले. रंग जरा तांबूस आलाय, छान दिसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन आहे वाटतं काहीतरी.

तू जेवतेस ना वेळेवर? दादा सांगत होता, फार वाळलीस.

तुझी,
आत्या

३ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

झकास! या एका शब्दासाठी मी महिनाभर जीव टांगून बसले होते. तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं, गुडघा आणि खडीवाला वगळून. त्यांनी त्याच दिवशी अहवाल पूर्ण करायला सांगितला. त्यात मी लिहिलंय, "प्रत्यक्ष कारखान्यात घेतलेली चाचणी यशस्वी." तो कारखाना म्हणजे तू!

आता ऐक. वीस मार्चला पुलाच्या लाद्या ओतायच्या. कुलगुरू येणार आहेत. मिक्सरचं बटण कुणी दाबायचं यावर खल झाला, मी म्हटलं माझी आत्या दाबेल. सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. गुडघा असो नसो, तू यायचं आहेस.

यानंतर प्रबंध बांधायला टाकायचा. जूनपर्यंत मी मोकळी!

तुझी,
भोवरा

८ मार्च

चि. भोवरा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि आता लिहायला बसलेय.

बाळा, पेव्हर झकास झाले नाहीत. तुला पत्र लिहिलं तेव्हाच वरून हात फिरवला की पावडर निघत होती. मला वाटलं, चूक आपल्याकडचीच असणार, तुझं कशाला मन मोडा. पुढची खेप नीट करू आणि मग सांगू. झाकली मूठ ठेवायला गेले.

गेल्या गुरुवारी ती मूठ उघडली. पोस्टमन सायकलवरून दवाखान्याकडे वळला, चाकाखालचे दोन पेव्हर फुटले आणि तो आडवा झाला. दवाखान्याच्या दारातच पडला, एवढंच काय ते त्याचं नशीब. कोपर सोलवटलं. दप्तरातली पत्रं वाटेभर पसरली आणि गोळा करताना सापडलं काय, तर तुझं पत्र. तुझ्याच पेव्हरवर पडून त्याने मला तुझं "झकास" आणून दिलं.

मग मी शेडमध्ये एकेकाला विचारलं. तुझं मिश्रण घट्ट होतं, साच्यात उतरत नव्हतं, म्हणून मुकादमांनी दर घाणीला एक मग पाणी जास्त घातलं. तुझी चार पानं वाचली असं मी लिहिलं होतं, तेही खोटं. पहिलं पान वाचलं, आकडे बघितले आणि कपाटात ठेवलं.

लाद्या ओतू नकोस. त्या पुलावरून पोरं जाणार आहेत. मला काय बोलायचं ते बोल, पण आधी ते थांबव.

आत्या

१४ मार्च

आत्या,

रागावले आहे, म्हणून नमस्कार वरच्या वर आटोपते.

तुझं पत्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "चूक त्यांच्या आवारात झाली. यात आपल्या काँक्रीटचा काय दोष?"

मी म्हटलं, "सर, पुलाचं काँक्रीटसुद्धा कुठल्यातरी आवारातच होणार आहे. तिथेही ते घट्ट वाटेल. तिथेही कुणाच्या तरी हाताशी पाणी असेलच."

"कुलगुरूंना निमंत्रण गेलंय. त्यांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

आणि सांगितलं. कुलगुरूंच्या कार्यालयात उभी राहून म्हणाले की अहवालातलं ते वाक्य मी खात्री न करता लिहिलं, ते चुकीचं आहे, लाद्या ओतू नयेत. ते म्हणाले, "बरं." नुसतं बरं! आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

लाद्या बेमुदत पुढे गेल्या. जून गेला, बहुतेक वर्षही गेलं. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात.

मशीनकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी साचे काढले. आम्ही नवे ठोकळे ओततोय, काही नेहमीसारखे आणि काही तुझ्याकडच्यासारखे, मगभर पाणी घालून. दोन्हींतले काही तीन, काही पाच दिवसांतच उन्हात काढणार, कारण तुमच्याकडे पाणी कमी मारल्याचाही मला संशय आहे. तुमच्याकडे ओतल्यावर किती दिवस पाणी मारलं होतं? खरं सांग. यावेळी खरंच सांग.

भोवरा

२ एप्रिल

चि. भोवरा हिस,
आशीर्वाद.

तीन दिवस. नेहमीच्या पेव्हरना सात दिवस मारतो, पण शाळेची ऑर्डर आली, थप्प्या लावायला जागा हवी होती. तिसऱ्या दिवशी तुझे पेव्हर उन्हात काढायला मीच सांगितलं. मुकादम म्हणाले होते, "बाई, अजून ओले राहू द्या." मी ऐकलं नाही. कान गेलेत हे कारण मला नेहमीच हाताशी असतं.

आणि आता पुढचं ऐक, हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मी शेडमध्ये सगळ्यांसमोर मुकादमांवर ओरडले. "तुमच्या एका मगापायी माझ्या पोरीचं वर्ष गेलं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते पाणी मारण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांदेखत मला उघडं पाडता आलं असतं त्यांना. त्यांनी थापी धुतली, पुसली, खुंटीला लावली आणि गेले. त्या दिवसापासून आलेले नाहीत.

शेड चालू आहे, पण चालत नाही. कालच एक साचा उलटा बसवला पोरांनी.

तुझी,
आत्या

१६ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. आज पूर्ण नमस्कार, राग ओसरलाय.

निकाल आले. नीट वाच, यात तुझ्या कामाचं आहे. जसे करायचे तसे केलेले ठोकळे: चाळीस. मगभर पाणी जास्त, पण पुढे टाकीत ठेवलेले: तेहतीस. पाणी मापात, पण तीन दिवसांनी गच्चीवर उन्हात टाकलेले: बत्तीस. दोन्ही चुका एकदम: बावीस.

म्हणजे तू आणि मुकादम यांच्या चुकीत एका आकड्याचा फरक आहे आणि तो तुझ्या विरुद्ध आहे. मशीनच्या तोंडून आलंय, माझ्या नाही.

तिसरी चूक माझी. चार पानं पुन्हा काढून वाचली. पाण्याचं प्रमाण तिसऱ्या पानावर एका तक्त्यात आहे, दशांशात. पाणी जास्त घातलं तर काय होईल, हे कुठेच नाही. आम्ही इथे पाणी ग्रॅमवर मोजतो. जगात ते मगाने मोजतात, हे मला सुचलंच नाही आणि मी म्हणे जगासाठी काँक्रीट बनवणार!

सरांना आकडे दाखवले. त्यांनी तक्ता ओळीओळीने तपासला. मग म्हणाले, "आपण प्रयोगशाळेत चालणारं काँक्रीट केलं. आता बाहेर चालणारं करू. बाहेरचं ज्याला कळतं असा माणूस आण."

सोबत मुकादमांसाठी वेगळं पत्र आहे. ते तू स्वतः नेऊन द्यायचं आहेस. पोस्टमनकडे देऊ नकोस, त्या बिचाऱ्याने पुरेसं सोसलंय.

तुझी,
भोवरा

१ मे

चि. भोवरा हिस,
अनेक आशीर्वाद.

गेले. दोन जिने चढून गेले, गुडघ्यासकट. मुकादम खिडकीत बसून खुर्चीचा पाय बसवत होते. मला बघून उठले नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मुकादम, चुकलं माझं."

ते म्हणाले, "काय? नीट ऐकू आलं नाही."

"तुमचे कान तर चांगले आहेत!"

"आज जरा कमी येतंय."

मग मी मोठ्याने म्हटलं. खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली इतक्या मोठ्याने. तेव्हा कुठे त्यांनी मला बसायला दुसरी खुर्ची दिली. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि आत जाऊन हसली, ते मला दिसलं.

तुझे आकडे सांगितले. तेहतीस आणि बत्तीस ऐकून त्यांनी मिशीवर हात फिरवला. नंतर तुझं पत्र वाचलं, सावकाश, दोन वेळा. मला विचारलं, "पोरगी सांगतेय की विचारतेय?"

मी म्हटलं, "विचारतेय."

"मग जातो," म्हणाले.

सोमवारच्या गाडीने निघतील. इस्त्रीचा शर्ट शोधतायत.

तुझी,
आत्या

२५ मे

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझे मुकादम आमच्याकडे पंधरा दिवस राहिले आणि आता प्रयोगशाळेतल्या कुणालाच ते जायला नको होते.

पहिल्या दिवशी मिक्सरमध्ये मिश्रण फिरत होतं. त्यांनी मशीन थांबवायला लावलं, मूठभर उचललं, दाबलं, सोडलं. म्हणाले, "बघा, कोरडं वाटतंय ना? इथेच पोरांचा हात पाण्याकडे जातो. आता फिरवा." आम्ही फिरवलं. "अजून." आम्ही दोन मिनिटं फिरवतो, त्यांनी सहा मिनिटं फिरवायला लावलं. आणि आत्या, ते सैल झालं! मळलेल्या कणकेसारखं मऊ. एक थेंब पाणी न घालता.

"पाणी मागत नव्हतं ते," मुकादम म्हणाले, "वेळ मागत होतं."

सरांनी वही काढली. त्यांना दुसऱ्याच्या बोलण्यावर वही काढताना मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

मग मुकादमांनी मला विचारलं, "तीन दिवसांत पाणी बंद केल्याने एवढं का बिघडतं?" मी सांगितलं, सिमेंट लवकर काम उरकतं, माती सावकाश करते. ती ओली असेपर्यंत ताकद वाढत राहते, सुकली की काम अर्ध्यावर टाकून देते. ते म्हणाले, "हे त्या चार पानांत लिहिलं असतं तर मी त्या दिवशी बाईंसमोर अडून बसलो असतो. नुसता आकडा घेऊन कोण भांडणार?"

म्हणून आता चार पानांचं एक पान केलंय. प्रत्येक सूचनेपुढे कारण. पाणी मापात, कारण. सहा मिनिटं फिरवा, कारण. चौदा दिवस ओलं गोणपाट झाकून ठेवा, कारण. मातीही थोडी कमी केली, म्हणजे कुणाचा हात चुकला तरी पस्तीसच्या खाली जायला नको. मसुदा मुकादमांनी तपासला आणि दोन शब्द खोडले. "हे कुणी बोलत नाही," म्हणाले.

तुझी,
भोवरा

२८ जून

चि. भोवरा हिस,
अनेक आशीर्वाद.

मुकादम आल्यापासून "आमच्या प्रयोगशाळेत" असंच बोलतात. काल खडीवाल्याला त्यांनी अर्धा तास ओलाव्यावर व्याख्यान दिलं. तो बिचारा पैसेही न मागता गेला.

तुझं एक पान भिंतीवर लावलंय. दवाखान्याची वाट उकरून नव्याने घातली. यावेळी मी झकास-बिकास काही म्हणत नाही. दहा पेव्हर ट्रकने पाठवलेत, तुझ्या मशीनकाकांना म्हणावं फोडा आणि काय ते तुम्हीच सांगा.

तुझी,
आत्या

२० ऑगस्ट

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझे पेव्हर मशीनकाकांनी फोडले. आकडा मुद्दाम वेगळ्या कागदावर त्यांच्या अक्षरात पाठवतेय, भिंतीवर लाव. खाली त्यांनी "ठीक" असं लिहिलंय. ते जपून ठेव.

पुलाच्या लाद्या जुलैत ओतल्या. समारंभ नाही, बटण नाही. तू पुन्हा पाठवलेले मुकादम, मी, सर आणि गवंडी. चौदा दिवस मी रोज सकाळी गोणपाट भिजवायला जात होते. वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, "ताई, खाली काय झोपवलंय?"

मागच्या आठवड्यात भार देऊन पाहिला. वाळूची एकशे ऐंशी पोती दिवसभर वर ठेवली. खाली लावलेला, वाक मोजणारा काटा दोन मिलिमीटरही हलला नाही आणि पोती उतरवल्यावर मुकाट जागेवर आला. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्या दिवशी तू आली नसतीस तर..." आणि वाक्य अर्धंच ठेवून पोती मोजायला गेले. मला तेवढं पुरलं. प्रबंध डिसेंबरमध्ये देते.

काल सकाळी पूल उघडला. मी कठड्याला टेकून तासभर उभी होते. मनात होतं, कुणीतरी थांबेल, खाली बघेल, रंग वेगळा आहे म्हणेल. एकजण नाही, आत्या! मुली बडबडत गेल्या. एक बाई फोनवर भांडत बाबागाडी ढकलत गेली. दोघं जण सायकली हातात धरून गेले. कुणाची नजर खाली गेली नाही. पहिली दहा मिनिटं मला चक्क वाईट वाटलं.

मग एक आजोबा आले, जाडजूड, हातात पुस्तकांची जड पिशवी. बरोबर मधोमध थांबले. मी सरसावले, म्हटलं, आता विचारतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर टेकवला, सगळा भार दुसऱ्या पायावर टाकला, आणि माझ्या लादीवर उभे राहून निवांत बुटाची नाडी बांधली. दोन गाठी मारल्या, पिशवी उचलली आणि गेले.

तुझी,
भोवरा